खर्जाची जागा

४ फेब्रुवारी

दादा,

हे पत्र तुझ्याआधी तुरुंगातले साहेब वाचतील, म्हणून आधी त्यांना नमस्कार. साहेब, यात आक्षेपार्ह काही नाही. एका बहिणीच्या बढाया आहेत. सोसून घ्या आणि पुढे पाठवा.

माझा अल्बम निघतोय. आई तुला बोलली असेल, किंवा नसेलही. तुला भेटून आली की ती पिशवी टेबलावर ठेवते, हातपाय धुते आणि "बरा आहे" एवढंच म्हणते. मी आणखी काही विचारलं, की "तुला काय करायचंय?" तुझ्या भेटीच्या यादीत माझं नाव नाही, हे तिलाही माहीत आहे आणि मलाही. आम्ही दोघी त्या विषयाला वळसा घालून चालतो, ओल्या फरशीला घालतात तसा.

तर अल्बम. उपासना संपल्यावर मी चर्चमध्ये पियानोवर माझं माझं काहीतरी वाजवत बसते, ते कुणीतरी फोनवर टिपलं आणि फिरत फिरत एका छोट्या संगीत कंपनीच्या मालकापर्यंत गेलं. त्यांनी बोलावून घेतलं आणि म्हणाले, "तुमची गाणी प्रार्थना आहेत की तक्रारी, हेच कळत नाही. म्हणून आवडली." दहा गाणी. शब्द माझे, चाली माझ्या, गळा माझा. सोबतीला पियानो, आणि अगदीच गरज पडली तर गीतमंडळातले दोन-चार आवाज. परक्या मुलांच्या बोटांना वळण लावण्यात इतकी वर्षं गेली, आता कुठे माझ्या बोटांची पाळी आली.

स्टुडिओ एका छापखान्याच्या माडीवर आहे. खालची यंत्रं चालू असली की जमीन थरथरते आणि पियानोच्या तारा आपोआप गुणगुणायला लागतात, त्यामुळे छापखाना बंद झाल्यावरच आमचं काम सुरू होतं. रेकॉर्डिंग करणाऱ्याला सगळे कानसेन म्हणतात. त्याला माझ्या अंगठीचाही आवाज ऐकू येतो. पियानोचं पेडल करकरतं म्हणून त्याने स्वतःचा मोजा काढून त्याखाली कोंबला. एक पाय उघडा टाकून समोर बसतो आणि मला म्हणतो, "ताई, देवाकडे लक्ष द्या, माझ्या पायाकडे नको."

एक गाणं तुला आवडेल. परत आलेल्या मुलाला बापाने मिठी मारली, ही बायबलमधली गोष्ट पाळकबाबांनी आपल्याला शंभरदा सांगितली. त्या घरात एखादी बहीण असेल की नाही, हे कुणी सांगितलं नाही. तिच्यावर मी एक गाणं केलंय. ती दारात येत नाही, आत भांडी घासत असते. कानसेन हसला आणि म्हणाला, "भांड्यांचा आवाज घालू या का?" मी नको म्हटलं.

नवव्या गाण्याबद्दल आज लिहीत नाही.

थंडी आहे. आईने दिलेला स्वेटर तुला मिळाला का, तेवढं कुणाकडून तरी कळव.

तुझी बहीण

२६ फेब्रुवारी

दादा,

उत्तर आलं नाही, पण पत्र परतही आलं नाही. याचा अर्थ मी "वाचलं" असा लावलाय. चूक असेल तर असू दे.

नवव्या गाण्याचं नाव "त्याच्यासाठीही". तू आत गेल्यावर पहिल्याच हिवाळ्यात लिहिलं. दुसऱ्या कुणाकडून कानावर पडण्यापेक्षा माझ्याकडूनच घे:

ज्याचे हात धुऊन निघत नाहीत,
त्याच्यासाठीही पाणी ठेव.

हात कुणाचे, ते गाण्यात कुठेच म्हटलेलं नाही. पण आपल्या मंडळीत ते कुणाला सांगावं लागणार आहे? जानेवारीत मी ते उपासनेत म्हटलं, तेव्हा पुढच्या बाकांवरची माणसं एकेक करून खाली बघायला लागली. नंतर पाळकबाबा मला बाजूला घेऊन म्हणाले, "गाणं चांगलं आहे. पण हे इथे म्हणायच्या आधी एका घरी जाऊन यायला हवं होतं का, याचा विचार कर." मी "करते" म्हटलं. केला नाही. त्या घरच्या काकू आता आपल्या चर्चला येत नाहीत, गावाच्या दुसऱ्या टोकाच्या चर्चला जातात, तेव्हा त्यांच्या कानावर जायचं कारण नाही, असं स्वतःला सांगितलं आणि मोकळी झाले.

आता जे लिहिते ते जरा सावकाश वाच.

मागच्या आठवड्यात कानसेन म्हणाला, शेवटच्या कडव्याखाली गीतमंडळ कसं हवं ते मला ऐकवा. माझ्या फोनमध्ये आपल्या जुन्या तालमी पडलेल्या आहेत, त्या मी त्याला देऊन टाकल्या. दुसऱ्या दिवशी गेले तर त्याने खुर्ची पुढे सरकवली, माझ्या कानांवर हेडफोन चढवले आणि म्हणाला, "काही बोलू नका. नुसतं ऐका."

माझा डावा हात गाण्यातल्या सगळ्यात खालच्या सुराशी जातो आणि थांबतो. आणि तो सूर विरायच्या आत त्याच्याही खालून एक माणूस गुणगुणायला लागतो.

खर्जकाका होते, दादा.

गीतमंडळात त्यांना त्यांच्या नावाने कुणी कधी हाक मारल्याचं आठवतं का तुला? आपण दोघं त्यांच्या मागच्या बाकावर बसून मोठे झालो. ते गात नाहीत, त्यांचा बाक गातो, असं तू म्हणायचास. कुठल्या तरी तालमीत सगळे आपापली जागा शोधत असताना काका सहज हुंकार भरत उभे होते, तेवढाच तुकडा कानसेनने उचलला, धुऊनपुसून घेतला आणि माझ्या गाण्याखाली ठेवला.

मी हेडफोन काढले आणि परत चढवले. इतके दिवस या गाण्याला काय कमी पडतंय ते त्या क्षणी मला कळलं, हेही खरं.

कानसेनने विचारलं, "कोण आहेत हे?"

"आमच्या गीतमंडळातले एक काका."

"त्यांना विचारायला लागेल."

"बघते मी," असं म्हणाले.

ते आता नाहीत, हे मी सांगितलं नाही. माझ्या भावाच्या गाडीखाली गेले, हे तर लांबच. चोरी माझ्या हातून झालेली नाही, पण आणून दिलेला माल मी परतही केला नाही.

तुला हे का लिहितेय? दुसरं कोण आहे मला.

तुझी बहीण

१९ मार्च

दादा,

व्हायचं ते झालं.

कंपनीने मला न विचारता "त्याच्यासाठीही" गाण्याचा शेवटचा तुकडा इंटरनेटवर टाकला. अर्ध्या मिनिटाचाच, पण नेमका तोच. लोकांनी उचलला. मालक खूश. एकमेकांना पाठवून माणसं लिहीत होती की तो खालचा आवाज ऐकून छातीत कालवाकालव होते. तिसऱ्या दिवशी शिकवणी चालू असताना फोन आला. नंबर ओळखीचा नव्हता, आवाज ओळखीचा होता.

"मी बोलतेय," काकू म्हणाल्या. "माझ्या भाचीने काहीतरी ऐकवलं. कुठे बनवता तुम्ही हे? मला तिथे यायचंय."

मी पत्ता सांगून टाकला. समोरचा विद्यार्थी तेवढ्यात तीच चूक परत परत वाजवत होता, त्याला थांबव म्हणायचंही सुचलं नाही.

शनिवारी त्या आल्या. छापखान्याच्या जिन्यावर कठड्याला धरून, मध्ये एकदा थांबून. बारीक झाल्यात. कोर्टात पाहिल्या होत्या त्यानंतर मी त्यांना जवळून पाहिलंच नव्हतं. मी पुढे होऊन हात धरायला गेले, तर म्हणाल्या, "राहू दे, येते मी." कानसेनला मी आदल्या दिवशी सगळं सांगून टाकलं होतं.  म्हणाला, "ताई, मला आधी सांगितलं असतंत तर मी हात लावला असता का?" शनिवारी त्याने दोन्ही मोजे घातले होते आणि शाळेतल्या मुलासारखा उभा होता.

काकू खुर्चीवर बसल्या. "लावा," म्हणाल्या.

त्याने पूर्ण गाणं लावलं. त्या ऐकत होत्या आणि मी त्यांच्या चपलांकडे बघत होते. गाणं संपलं. त्या म्हणाल्या, "पियानो काढता येतो का यातून? आणि हिला पण काढा. नुसते ते ठेवा."

कानसेनने एकेक करत सगळं बंद केलं. खोलीत फक्त काका राहिले. मागे कुणीतरी बाक सरकवतंय, कुणीतरी खोकतंय, आणि काका आपले निवांत हुंकार भरतायत. शेवटी त्यांनी श्वास घेतला, तोही ऐकू आला. काकूंनी पुन्हा लावायला सांगितलं. पुन्हा. मग हात वर केला.

"हे माझ्या घरचं आहे," त्या म्हणाल्या. "विकायचं नाही."

"नाही विकणार," मी म्हटलं. "काकू, मी तुम्हाला विचारायला हवं होतं."

"ते झालंच. दुसरं काय म्हणते मी, ते ऐक." त्या माझ्याकडे वळल्या. दादा, मला वाटलं होतं त्या रडतील किंवा ओरडतील, आणि दोन्हीची तयारी करून मी गेले होते. त्या शांतपणे बोलायला लागल्या, त्याची मात्र माझी तयारी नव्हती. "कोर्टात पवित्र शास्त्रावर हात ठेवून तू सांगितलंस, की भाऊ घरातून पिऊन निघाला होता. मी पाहिलं. तुझी आई बाजूला बसली होती, तरी सांगितलंस. मी तेव्हा मनात म्हटलं, ही पोरगी खरी आहे. म्हणून आज तुझ्या गाण्यात मी काय शोधत होते माहीत आहे? तेच. त्यात देवाकडे क्षमा मागितलीस. सुरेख मागितलीस. माझ्याकडे आजवर कुणी मागितली नाही. तुझ्या आईने नाही, तुझ्या भावाने नाही. तू तर रस्ता बदलून जातेस."



"मागितली असती तर मी दिली असती, असं नाही म्हणत मी," त्या म्हणाल्या. "पण घर माहीत होतं तुम्हाला."

आणि त्या उठल्या. जिना उतरताना पुन्हा मध्ये एकदा थांबल्या. मी वरच उभी राहिले. खाली जाऊन सोबत करायची हिंमत झाली नाही.

कोर्टातल्या त्या दिवसाबद्दल आपण दोघं आजवर बोललो नाही. मी आज ते आडून काकूंच्या तोंडून काढलं, हे तुझ्या लक्षात येईलच. तू यादीतून माझं नाव का काढलंस ते मला कळतं. मला वकिलांनी शिकवलं होतं, "माझं लक्ष नव्हतं" एवढंच म्हण. म्हणता आलं असतं. पुन्हा उभं केलं तर मी पुन्हा तेच सांगेन, दादा, आणि पुन्हा तशीच आजारी पडेन.

तुझी बहीण

५ एप्रिल

दादा,

गाणं काढून टाकलं. फक्त काकांचा आवाज नाही, अख्खं गाणं.

मालकांनी आधी समजुतीने घेतलं. "आवाज काढा, गाणं ठेवा. लोक त्याच गाण्यासाठी थांबलेत." मग चढ्या आवाजात. मग म्हणाले, "तुमचं हे नाटक मला परवडणार नाही. या गाण्याशिवाय अल्बम काढायचा की नाही, ते मी ठरवीन." मी म्हटलं, ठरवा. मोठ्या ऐटीत म्हटलं आणि बाहेर येऊन जिन्यात बसले. पहिला अल्बम निघायच्या आधीच गेला तर दुसरा कोण विचारतो? कानसेन मागून आला, बाजूला बसला. म्हणाला, "बाकीच्या नऊचं काम मी पूर्ण करून ठेवतो. निघो न निघो."

घरी आईला सांगितलं, तर ती शेगडी बंद करून माझ्याकडे वळली. किती दिवसांनी तिने माझ्याकडे सरळ पाहिलं.

"माझ्या मुलासाठी एक शब्द होता त्या गाण्यात," ती म्हणाली. "सगळ्या जगाने त्याला टाकलं, एक शब्द होता. तोही काढलास तू."

"आई, काकूंना..."

"काकूंचं मला माहीत आहे. माझं कोण बघतं?"

 खोटं काहीच नव्हतं त्यात. ती खोलीत गेली आणि दार लावून घेतलं.

मग मी ते केलं, जे पाळकबाबांनी जानेवारीत सांगितलं होतं. काकांचा तेवढा तुकडा कानसेनने वेगळा करून दिला होता, तो घेऊन काकूंच्या घरी गेले. रस्ता न बदलता. दार उघडलं त्यांनी. मी दारातच म्हटलं, "काकू, माझी चूक झाली. तुम्हाला टाळलं, काकांचा आवाज न विचारता घेतला. मला माफ करा." पाठ केलं होतं, तरी मध्ये अडखळले. त्यांनी मला आत घेतलं. चहा ठेवला. माफ केलं की नाही ते बोलल्या नाहीत.

आणि चहा पिता पिता त्यांनी जे विचारलं, त्यासाठी हे पत्र आहे. आधीचं सगळं नुसतं लिहायला धीर यावा म्हणून.

रुग्णवाहिकेबरोबर आलेल्या माणसाची साक्ष आठवते? तो म्हणाला होता, आम्ही पोचलो तेव्हा जखमी माणसाचं डोकं आरोपीच्या मांडीवर होतं, आणि आरोपी पुन्हा पुन्हा "हो काका, हो काका" म्हणत होता. कोर्टात त्याचं कुणाला काही वाटलं नाही. वकिलांनी तुझ्या वतीने सांगितलं, धक्क्याने काहीच आठवत नाही, आणि विषय संपला.

काकूंचा संपला नाही. "मला एवढंच हवंय," त्या म्हणाल्या. "तो हो कशाला म्हणत होता? म्हणजे हे काहीतरी बोलत होते. शुद्धीत होते. माझ्या नवऱ्याचं शेवटचं बोलणं तुझ्या भावाकडे आहे. मला ते द्यायला सांग."

मी म्हटलं, "त्याला आठवत नसेल तर?"

त्यांनी चहाचे कप उचलले आणि आत गेल्या.

तुला आठवतं, दादा. मला माहीत आहे. त्या संध्याकाळी पोलीस चौकीत बाकावर तू बसला होतास आणि तुझे ओठ हलत होते. काहीतरी विसरू नये म्हणून माणूस पुटपुटतो तसे. मी जवळ आले आणि तू थांबलास.

मला हेही माहीत आहे की तुझा लवकर सुटकेचा अर्ज पुढच्या महिन्यात सुनावणीला आहे. वकील आईला म्हणालेत, आता नवं काही बोलायचं नाही. आठवतं म्हटलंस तर कोर्टात खोटं बोलल्याचं कबूल केल्यासारखं होईल. मी खरं बोलले होते तेव्हा वर्षं तुझी गेली. यावेळी मी काही सांगणार नाही. तू काय करावंस हे एका ओळीतही लिहिणार नाही. काकूंचा निरोप पोचवला. त्यांचं नाव तुझ्या भेटीच्या यादीत घालायचं की नाही, ते तू बघ. माझं नको घालूस. त्यांचं एकट्यांचं.

साहेब, आपण हे वाचत असाल, तर आपल्याला विनंती आहे. हे पत्र त्याच्या हातात पडू द्या.

तुझी बहीण

२ मे

दादा,

काकूंना तुमच्या कार्यालयातून चिठ्ठी आली. त्यांनी मला फोन केला आणि वाचून दाखवली. त्यांचं नाव घातलंयस. खाली माझंही.

 काकू पलीकडून म्हणाल्या, "आहेस ना?" मी म्हटलं, आहे.

वकील घरी येऊन गेले. आईसमोर म्हणाले, "त्याला कुणीतरी फितवतंय," आणि माझ्याकडे बघत म्हणाले. आईने त्यांना चहा विचारला नाही, पण माझी बाजूही घेतली नाही. ते गेल्यावर मला म्हणाली, "त्याचं काही बरंवाईट झालं, तर मी तुला या घरात ठेवणार नाही."  तुझ्या भेटीच्या दिवसांवर तिने इतकी वर्षं काढली आहेत, आणि आता अंगणाशी आलेला मुलगा परत लांब जाईल याची तिला भीती आहे. तिला दोष देऊ नकोस. मीही देत नाही, निदान प्रयत्न करते.

काकू पण घाबरल्या आहेत. काल म्हणाल्या, "त्यांना फार दुखत होतं असं सांगितलं तर? मग काय करू मी त्याचं?" मी म्हटलं, जाऊ नका मग. म्हणाल्या, "न जाऊन काय, तेच रोज बघते मी."

अल्बमचं अजून कळलेलं नाही. खरं सांगू, या आठवड्यात मला ते आठवलंही नाही. काल चर्चमध्ये पियानोसमोर बसले आणि काही वाजवता आलं नाही. झाकणावर डोकं टेकून बसले. ती प्रार्थना होती की नाही, मला माहीत नाही. शब्द नव्हते.

मी काकूंना गाडीने घेऊन येईन. तुमच्याजवळ बसणार नाही. भिंतीकडच्या बाकावर असेन.

तुझी बहीण

२३ मे

दादा,

भेट संपल्याची घंटा झाल्यावर उठता उठता तू विचारलंस, "गाणं का काढलंस?" शिपायाने तुझा दंड धरला होता, मला उत्तर द्यायला वेळच मिळाला नाही. इतक्या काळाने बोललास, तेही प्रश्न विचारायला. तेव्हा आधी तेच.

त्या गाण्यात मी तुझ्या वतीने बोलत होते. हात तुझे, पाणी तुझ्यासाठी, आणि शब्द माझे. तू कधी बोलशील ही आशा मी सोडली होती, म्हणून तुझी जागा बळकावून बसले होते. काकांची जागा तर त्यांना न विचारता त्यांच्याच आवाजाने भरली होती. दोन माणसं मी माझ्या गाण्यात बसवली होती, आणि दोघांपैकी एकालाही बोलू दिलं नव्हतं. गाणं वाईट नव्हतं. माझं नव्हतं.

आता भेटीच्या दिवसाचं. जे तू पाहिलंस ते मी लिहीत नाही. तुम्ही काय बोललात ते मला भिंतीकडून ऐकू आलं नाही. तू मान खाली घालून बोलत होतास आणि काकू टेबलावर पुढे झुकल्या होत्या, शाळेत कुणी फार हळू उत्तर देत असलं की बाई झुकतात तशा. मध्ये त्यांनी तोंडावर हात धरला तेव्हा मी उठले. शिपायाने मला खुणेने बसवलं.

तू पाहिलं नाहीस ते सांगते.

परत येताना गाडीत काकू माझ्या बाजूला होत्या. मी काही विचारायचं नाही असं ठरवून टाकलं होतं. गावाबाहेरचा मोठा पूल लागला, तेव्हा आपणहून बोलायला लागल्या.

"किल्लीचं बोलत होते," त्या म्हणाल्या. "किल्ली माझ्याकडे आहे, ती दारात उभी असेल. हेच परत परत. तिला किल्ली नेऊन दे. आणि तुझा भाऊ म्हणत होता, हो काका, नेतो काका."

मी गाडी हळू केली.

"मी खरंच दारात उभी होते गं," काकू म्हणाल्या. "बहिणीकडून आले होते, हातात दोन पिशव्या. घराची एक किल्ली हरवलेली, दुसरी यांच्याकडे. तालीम संपवून लवकर येतो म्हणाले होते. मी उभी राहून राहून चिडले. मनातल्या मनात काय काय बोलले त्यांना. एकदा गायला बसले की बायको आठवत नाही, असं. मग कोपऱ्यावरून पोलीस आले." त्यांनी पिशवी मांडीवर घेतली. "इतके दिवस मला तेच खात होतं. ते तिथे रस्त्यावर पडलेले आणि मी इथे त्यांना बोल लावत होते. कुणाला सांगायची सोय नव्हती. पाळकांनाही सांगितलं नाही."

मी गाडीचा वेग आणखी कमी केला. 

"पण त्यांना माहीत होतं," त्या म्हणाल्या. "मी चिडले असेन हे त्यांना तिथे पडल्या पडल्याही माहीत होतं. म्हणून तर किल्लीचं." आणि दादा, त्या हसल्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि हसत होत्या. "घाबरत असत मला," म्हणाल्या.

मग म्हणाल्या, की तू त्या संध्याकाळी किल्ली पोलिसांकडे दिलीस आणि कुणाची आहे ते सांगितलंस, पण ती जप्तीच्या सामानात गेली. म्हणजे तू नेऊन द्यायचा प्रयत्न केला होतास. हे मलाही माहीत नव्हतं. आईलाही नाही.

वकिलांनी कळवलं आहे की तू अधिकाऱ्यांना लिहून दिलंस, आठवत नाही हे खोटं होतं म्हणून. अर्ज मागे पडला. किती, ते सांगता येत नाही म्हणाले. मी हे आईला सांगायला गेले तेव्हा ती कपड्यांच्या घड्या घालत होती. हातातला शर्ट तसाच राहिला.

"त्याने स्वतःहून लिहून दिलं?" तिने विचारलं.

"स्वतःहून."

"कुणी सांगितलं नाही त्याला? तू नाही?"

"मी नाही, आई."

तिने शर्टाची घडी पूर्ण केली, मोडली, परत घातली. "कसा दिसत होता?" असं विचारलं. तुला भेटून आल्यावर ती मला कधी काही सांगत नसे. आज ती मला विचारत होती. मी तिला बसवलं आणि सगळं सांगितलं, तुझी दाढी वाढली आहे हेसुद्धा. आता ती काकूंच्या घरी जाईल का, हे मी विचारलेलं नाही. पण पत्ता तोच आहे ना, असं तिने मला विचारलं.

अल्बम निघाला. नऊ गाण्यांचा. मालकांनी हात आखडता घेतला आहे, जाहिरात केली नाही, आणि लोक त्या नसलेल्या गाण्याबद्दलच विचारतात. चार-दोन जणांनी बरं लिहिलं आहे. भांडी घासणाऱ्या बहिणीचं गाणं एका म्हाताऱ्या बाईंना इतकं आवडलं, की त्यांनी कंपनीत फोन करून विचारलं, ती शेवटी बाहेर येते का. मालकांनी मला विचारलं. मी म्हटलं, अजून ठरलेलं नाही.

एक राहिलं. काकूंच्या दारापाशी गाडी थांबवली आणि न विचारण्याचं ठरवलेलं तोंडातून गेलंच.

"काकू, त्याने माफी मागितली?"

"मागितली."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

त्यांनी पट्टा सोडला, मांडीवरची पिशवी उचलली, दार उघडलं. एक पाय बाहेर ठेवून म्हणाल्या, "मी म्हटलं, ऐकलं."

मी आणखी काही विचारीन म्हणून त्या थांबल्या नाहीत. पायऱ्या चढल्या, पर्समध्ये चाचपून किल्ली काढली आणि आत गेल्या. आतला दिवा लागेपर्यंत मी गाडी तिथेच उभी ठेवली.

तुझी बहीण